गाण्याखालचे नाव

उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. दुपारचा चहा व्हायचा होता. आमची मावशी परातीत तांदूळ निवडीत बसली होती आणि आतल्या खोलीत आमचे कन्यारत्न गिटार वाजवीत होते. मावशीचे वय एकोणऐंशी. तिच्याजवळ दोन चष्मे आहेत. एक वाचायचा आणि दुसरा, पहिला शोधायचा. गिटार हा मात्र आमच्या घरातला नवा पाहुणा. बारावीची परीक्षा आटोपल्यावर कन्येने त्याची शिकवणी लावली, आणि पहिला महिनाभर त्या वाद्यातून जे आवाज निघत ते ऐकून खालच्या बिऱ्हाडातल्या आजोबांनी ‘तुमच्याकडे सुतारकाम निघालंय वाटतं?’ अशी चौकशीही केली होती. पण त्या दुपारी काही निराळेच घडले. एक साधी, झुळझुळ वाहणारी चाल आतून ऐकू येऊ लागली आणि मावशीचा हात परातीतच थांबला.

“कुणाचं गं गाणं हे?” तिने विचारले.

“मोबाइलवर मिळालं, मावशीआजी. इंग्लिश आहे.”

“मोबाइलवर मिळालं ते कळलं. रचलं कुणी?”

“ते नाही माहीत. असंच जुनं असेल, कुणाचंच नसेल.”

“कुणाचंच नाही असं गाणं नसतं, बाळा,” मावशी म्हणाली आणि पुन्हा खडे वेचू लागली. “आणि हे बाईचं असणार.”

“ते कशावरून?” आता मी मध्ये तोंड घातले.

“अरे, हात कामात असताना गुणगुणायची चाल आहे ही. हिला बैठक लागत नाही, पेटी लागत नाही. तूच बघ शोधून. प्राध्यापक ना तू?”

आता मी पडलो मराठीचा प्राध्यापक. पुराव्यावाचून विधान करू नये, हे वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलेला. चालीवरून रचणाऱ्याचे लिंग ओळखण्याची ही मावशीप्रणीत पद्धत कोणत्याही विद्यापीठात मान्य व्हायची नाही. परंतु शोध घेतला तेव्हा मावशी बरोबर निघाली आणि मी मुकाट्याने चहा प्यायलो. मात्र तिचा तो पहिला प्रश्न, ‘रचलं कुणी?’, माझ्या मनातून गेला नाही. तो मला इतका का टोचला, ते शेवटी सांगतो. सांगायला थोडा धीर गोळा करावा लागणार आहे. तोवर वाचकांनी माझ्याबरोबर जरा अमेरिकेत चलावे.

त्या गाण्याचे नाव ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी. रचणारी एलिझाबेथ कॉटन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात नॉर्थ कॅरोलिना राज्यात चॅपेल हिल गावाजवळ एका कृष्णवर्णीय कष्टकरी कुटुंबात तिचा जन्म झाला. घराजवळून रूळ जात. मालगाड्यांचा तो आवाज ऐकत मुलगी वाढली. थोरल्या भावाचा बँजो होता. तो कामावर गेला की ही गुपचूप काढून वाजवी. वाद्य उजव्या हाताचे आणि ही डावखुरी. तारा उलटवून लावायच्या तर भावाला पत्ता लागायचा! तेव्हा तिने वाद्यच उलटे धरले. पुढे गिटारही ती तशीच वाजवू लागली. इतर वादक अंगठ्याने खर्ज आणि बोटांनी चाल वाजवतात. हिची बोटे खर्जावर आणि अंगठा चालीवर. आज ही रीत तिच्या नावाने ओळखली जाते आणि गिटार शिकणारे शहाणे लोक ती घोकून घोकून शिकतात.

शाळा सोडून ती लोकांच्या घरी कामाला जाऊ लागली. पगार महिना ७५ सेंट. त्यातून तिने जी गिटार घेतली तिची किंमत होती ३ डॉलर ७५ सेंट. हिशेब करून पाहा. बरोबर पाच महिन्यांचा पगार. ‘मालगाडी’ तिने रचली ती याच सुमारास, अकरा-बारा वर्षांची असताना. त्यानंतर लग्न झाले, मुलगी झाली. चर्चमधल्या मंडळींनी सांगितले की, ही ऐहिक गाणी सोड आणि देवाची म्हण. गिटार सुटली, ती थोडीथोडकी नव्हे, कित्येक वर्षे.

पुढचा भाग कादंबरीत घातला तर टीकाकार म्हणतील, योगायोगाचा अतिरेक झाला. वॉशिंग्टन शहरातल्या एका मोठ्या दुकानात ही बाई नोकरीला होती. एके दिवशी तिथे एक लहान मुलगी आईपासून चुकली. कॉटनबाईंनी तिला शोधून आईच्या स्वाधीन केले. ती आई म्हणजे संगीतरचनाकार रूथ क्रॉफर्ड सीगर. तिचे यजमान चार्ल्स सीगर हे संगीताचे मोठे अभ्यासक, आणि ते सारे घरच लोकगीतांच्या संग्रहाला वाहिलेले. बाईंना त्या घरी स्वयंपाकपाण्याचे काम मिळाले. भिंतीवर गिटार टांगलेली असे. एक दिवस घरच्या मुलांनी पाहिले तो काय, आपल्याकडे काम करणाऱ्या बाई ती गिटार उलटी धरून वाजवताहेत! चुकलेली ती मुलगी पेगी पुढे स्वतः गायिका झाली आणि तिने इंग्लंडात जाऊन ‘मालगाडी’ म्हटली. लोकांना गाणे फार आवडले. इतके आवडले की, दोघा इंग्रज पुरुषांनी ते स्वतःच्या नावावर नोंदवून टाकले! १९५७ साली तिकडे त्याची रेकॉर्ड धडाक्याने खपली. जिने ते रचले ती त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्यांची भांडी घाशीत होती.

हे प्रकरण तिथेच संपले नाही, हे नशीब. पेगीचा भाऊ माइक याने बाईंचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १९५८ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. सीगर कुटुंबाच्या खटपटीने गाण्यावर त्यांचे नाव आले. साठीनंतर त्या देशभर हिंडून गायल्या, त्या कमाईतून स्वतःचे घर केले, आणि १९८५ साली नव्वदीच्या घरात असताना त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८७ साली त्या वारल्या.

कोणी म्हणेल, नावाचे एवढे काय घेऊन बसलात? गाणे लोकांच्या तोंडी राहिले, हे पुरे नाही काय? फार थोर विचार आहे. मात्र तो बहुधा ज्यांचे नाव छापलेले असते तेच मांडतात. अमेरिकेत १९०९ साली कायदा झाला. त्यानुसार तबकडीच्या दर प्रतीमागे गाण्याच्या मालकाला २ सेंट द्यावेत असे ठरले, आणि हा दर जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. दोन सेंट म्हणजे काहीच नाही. पण तबकड्या लाखांनी खपू लागल्या की दोन सेंटांचे घर होते आणि म्हातारपणची पेज होते. हे पैसे गाते गळे पाहत नाहीत. ते कागदावरचे नाव पाहतात. ज्याला कचेरीत जाऊन कागद करण्याची सवड, धीर आणि अक्षरओळख, त्याचे गाणे. घरातून बाहेर पडायलाच जिला चार कामे आवरावी लागत, तिचे नाव त्या कागदापर्यंत पोहोचायचे कसे?

कार्टर कुटुंबाचे उदाहरण घ्या. अमेरिकन ग्रामीण संगीताचे, ज्याला तिकडे ‘कंट्री’ म्हणतात त्याचे, हे आद्य घराणे. १९२७ च्या ऑगस्टमध्ये टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या शिवेवर वसलेल्या ब्रिस्टल गावात तबकड्यांच्या कंपनीचा माणूस यंत्रे घेऊन आला होता. डोंगरातून तिघेजण मोटारीने तिथे पोहोचले: ए. पी. कार्टर, त्यांची पत्नी सारा आणि भावजय मेबेल. मेबेल अठरा वर्षांची आणि गरोदर. त्या तबकड्यांवर मुख्य आवाज साराचा आहे. गिटार मेबेलची, आणि ती साधीसुधी नव्हे. अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा, ही तिची रीत पुढे हजारो वादकांनी उचलली. कार्टरसाहेब डोंगरोडोंगरी हिंडून गाणी जमवीत, हे खरे. तेही कष्टाचेच काम. पण जमवलेले, जुळवलेले, बायकांनी सूर देऊन उभे केलेले सारे नोंदले गेले ते ए. पी. कार्टर या एका नावावर. यात कोणाचा दुष्टावा होता असे मला वाटत नाही. घराच्या दारावरच्या पाटीवर जसे एकच नाव असते, तसे तबकडीवरही एकच नाव गेले. कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही, इतकेच.

मराठीचा मास्तर असल्यामुळे इथे मला आपल्या संतांचे व्यवहारज्ञान आठवते. त्यांनी नाव कागदावर ठेवलेच नाही, अभंगाच्या आतच गुंफले. जनाबाईची नाममुद्रा काढायची तर अभंगाचे शेवटचे चरणच उसवावे लागतात. जात्यावरच्या ओव्यांना ही सोय नव्हती. त्या कोणी रचल्या, ते दळणाबरोबर पिठात गेले.

अमेरिकेच्या डोंगरपट्टीतही अशा जागा होत्या, आणि तिथल्या बायका फक्त विरहाची गाणी रचीत नव्हत्या. नॉर्थ कॅरोलिनातच गॅस्टोनिया नावाचे गिरणगाव आहे. १९२९ साली तिथे मोठा संप झाला. एला मे विगिन्स ही त्या भागातल्या एका गिरणीत काम करणारी बाई. नऊ मुले झाली, त्यांतली चार गेली. ती संपात उतरली, काळ्या मजुरांनाही संघटनेत आणू लागली आणि गाणी रचू लागली. तिच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात सकाळी मुलांचा निरोप घेऊन गिरणीत राबायला जाणाऱ्या आईचे दुःख आहे. १४ सप्टेंबर १९२९ रोजी निःशस्त्र संपकऱ्यांना घेऊन जाणाऱ्या मालमोटारीवर हल्ला झाला आणि एला मे गोळी लागून जागीच मेली. तिशीही ओलांडली नव्हती. खटला झाला, आरोपी सुटले. तिला पुरताना तिचेच ते गाणे म्हटले गेले.

दोन वर्षांनी, १९३१ साली, केंटकी राज्यातल्या हार्लन परगण्यात कोळसाखाणींचा संप चालू होता. फ्लॉरेन्स रीस या बाईचा नवरा सॅम संघटनेचा कार्यकर्ता. शेरीफची माणसे त्याला पकडायला घरात घुसली. तो सापडला नाही, घर मात्र उलथेपालथे झाले. ती माणसे गेल्यावर बाईने भिंतीवरच्या कॅलेंडराचे पान फाडले आणि त्यावर गाणे लिहिले. ‘तू कोणत्या बाजूचा?’ हा त्यातला प्रश्न. चाल घेतली ओळखीच्या जुन्या गाण्याची, कारण नवी चाल शिकवीत बसायला संपात वेळ कोणाला? आजही अमेरिकेतल्या मोर्च्यांत हे गाणे ऐकू येते.

त्याच केंटकीतल्या व्हायपर गावची जीन रिची, जन्म १९२२, चौदा भावंडांत धाकटी. विद्यापीठात शिकलेली, शिष्यवृत्ती मिळवून घरातल्या गाण्यांची मुळे शोधायला ब्रिटनपर्यंत जाऊन आलेली. खाणवाल्यांनी डोंगर उकरून नद्या काळ्या केल्या, आगगाड्या बंद होऊन गावे ओस पडली, यांवर तिने गाणी रचली. पण त्यांतली काही प्रसिद्ध करताना खाली नाव घातले ते आईच्या वडिलांचे! कारण तिनेच पुढे सांगितले आहे. एक तर राजकारणाच्या गाण्यांचा म्हाताऱ्या आईला त्रास होऊ नये. आणि दुसरे, अशी गाणी पुरुषाच्या नावावर असली तर लोक ती अधिक मनावर घेतील असे तिला वाटले. कॉटनबाईंचे नाव दुसऱ्यांनी पुसले. इथे एक शिकलेली, नावाजलेली बाई स्वतःच्या हाताने आपले नाव झाकते. पहिल्या गोष्टीने राग येतो. दुसरीने मी बराच वेळ गप्प झालो.

पण चित्र बदलले, आणि ते बदलणाऱ्याही बहुतेक याच डोंगरातल्या. लॉरेटा लिन ही खाणमजुराची मुलगी, जन्म १९३२, आठ भावंडांत दुसरी. घरी बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. शनिवारी रात्री नॅशव्हिल शहरातून ‘ग्रँड ओल ऑप्री’चा गाण्यांचा कार्यक्रम लागे, तीच तिची शाळा. पंधराव्या वर्षी लग्न होऊन नवऱ्याबरोबर ती देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन राज्यात गेली. विशी-एकविशीत चार मुलांची आई. १९५३ साली नवऱ्याने तिला १७ डॉलरची गिटार आणून दिली. हा नवरा मोठा मजेदार नमुना. बाहेरख्याली, पिणारा, भांडखोर. आणि बायकोच्या गळ्यावर तिच्यापेक्षाही त्याचा अधिक विश्वास! १९६० साली तिची पहिली तबकडी निघाली, तेव्हा दोघे मोटारीत तबकड्या भरून रेडिओ केंद्रामागून रेडिओ केंद्र हिंडले. आणि गाण्यांचे विषय? तेही नवऱ्यानेच पुरवले. पिऊन घरी आलात तर माझ्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवू नका, असे बजावणारे तिचे गाणे १९६७ च्या सुरुवातीला यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. घरोघरच्या बायकांनी रेडिओचा आवाज का वाढवला असेल, ते सांगायला नको.

१९७० साली बापाच्या खाणकामावरचे आणि आईच्या धुण्यावरचे तिचे गाणे आले, ‘कोल मायनर्स डॉटर’. त्याच नावाचे तिचे आत्मचरित्र १९७६ साली आले आणि १९८० साली चित्रपट. १९७२ साली कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७५ साली तिने संततिनियमनाच्या गोळीवरचे गाणे म्हटले. ते काही तिचे एकटीचे लेखन नव्हे. पण म्हणण्याची हिंमत तिची. अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. तबकडी खपायची ती खपलीच. २०२२ साली, नव्वदाव्या वर्षी ती गेली.

आणि डॉली पार्टन. जन्म १९४६, टेनेसीच्या डोंगरात, बारा भावंडांत चौथी. तिच्या जन्माच्या वेळी डॉक्टरला फी म्हणून बापाने मक्याच्या पिठाची पिशवी दिली होती. लहानपणी आईने चिंध्या जोडून तिला कोट शिवला. शाळेत पोरे हसली. आपल्या गोधड्यांत वाढलेल्या कोणालाही ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. पुढे त्या कोटाचे गाणे तिने प्रवासात, हाताशी कागद नाही म्हणून, धोब्याच्या पावतीवर लिहिले. १९७१ साली ते प्रसिद्ध झाले.

पण मला तिची जी गोष्ट सांगायची आहे ती १९७४ नंतरची. ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ हे तिचे गाणे त्या वर्षी आले. ज्या गायकाच्या कार्यक्रमात ती नावारूपाला आली, त्याचा निरोप घेण्यासाठी ते लिहिलेले. एल्विस प्रेस्लीला ते म्हणायचे होते. एल्विसने आपले गाणे म्हणावे, यापेक्षा मोठे भाग्य त्या काळी नव्हते. सगळे ठरले, आणि ऐनवेळी त्याच्या व्यवस्थापकाचा निरोप आला की, गाण्याच्या हक्कांतला अर्धा वाटा आम्हाला मिळाला पाहिजे, ही आमची रीतच आहे. डॉलीने नकार दिला. रात्रभर रडली, असे तिनेच सांगितले आहे. पण नकार बदलला नाही. लोक म्हणाले असतील, काय ही हट्टी बाई! १९९२ साली ‘द बॉडीगार्ड’ चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणे म्हटले. अमेरिकेच्या यादीत ते सलग १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि त्याचा मोबदला मिळाला तो त्या हट्टी बाईला. डॉलीच्या बापाला लिहितावाचता येत नव्हते. त्याची आठवण ठेवून १९९५ साली तिने लहान मुलांना घरपोच फुकट पुस्तके पाठवण्याची योजना सुरू केली. आजवर वीस कोटींहून अधिक पुस्तके गेली आहेत. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या मुलीने सहीचे मोल बरोबर ओळखले होते.

सगळे आलबेल झाले असे मात्र कोणी समजू नये. २०१५ साली तिकडच्या एका रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे सांगितले की, कार्यक्रमात गायिकांची गाणी लागोपाठ वाजवू नका; पुरुष हा कोशिंबिरीतला पाला आणि बायका म्हणजे त्यातले टोमॅटो! हे वाचून आमच्या घरात कोशिंबिरीवरून दोन दिवस टोमणे चालले होते, आणि ते सारे मलाच ऐकावे लागले.

आता एक गोड गोष्ट सांगून अमेरिकेतून परत येऊ. ट्रेसी चॅपमन ही क्लीव्हलंडची कृष्णवर्णीय मुलगी. १९८८ साली तिचे ‘फास्ट कार’ हे गाणे आले. गरिबीतून बाहेर पडायला एक मोटार आणि एक सोबती हवा असलेल्या मुलीची कहाणी. १९८८ च्या जूनमध्ये लंडनला नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा जलसा झाला. एका मोठ्या गायकाच्या सामानाचा घोटाळा झाला म्हणून हिला पुन्हा मंचावर पाठवले, आणि एक गिटार घेऊन तिने ते मैदान आणि घरोघरचे प्रेक्षक जिंकले. पस्तीस वर्षांनी, २०२३ साली, ल्यूक कोम्ब्स या कंट्री गायकाने तेच गाणे म्हटले. गाण्यातली ‘मी’ ही दुकानात गल्ल्यावर काम करणारी मुलगी आहे. हा दाढीवाला गडी; पण त्याने तो शब्द बदलला नाही. मुलगीच राहू दिली. त्या वर्षी कंट्री संघटनेचे सर्वोत्कृष्ट गीताचे पारितोषिक चॅपमनला मिळाले. हे पारितोषिक मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय गीतकार ती. २०२४ च्या फेब्रुवारीत ग्रॅमी समारंभात दोघांनी ते मिळून म्हटले. कोम्ब्स तिच्याकडे ज्या नजरेने पाहत होता ते चित्रफितीत आहे. शिष्याने गुरूकडे पाहावे तसे. दुसऱ्याचे गाणे म्हणायला हरकत नसते. म्हणताना गाणे कोणाचे आहे, ते तोंडाने आणि डोळ्यांनी सांगावे.

आणि इथे माझी पाळी आली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मावसबहिणीच्या मुलीचे लग्न होते. मंगलाष्टके मावशीने रचली. मावशीचे शिक्षण जुन्या अकरावीपर्यंतचे. पण शार्दूलविक्रीडित तिच्या हाडीमाशी खिळलेले. वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर एका रात्रीत पाच मंगलाष्टके लिहून तिने ती माझ्याकडे तपासायला दिली. मी एका ठिकाणी ऱ्हस्वाचे दीर्घ केले. एवढेच माझे कर्तृत्व. नंतर मी तो मजकूर मोबाइलवरून छापखान्याला पाठवला. माझ्याकडून आला म्हणून म्हणा, किंवा घरात मराठीचा प्राध्यापक असल्यावर दुसरे कोण रचणार अशा समजुतीने म्हणा, छापून आलेल्या चारशे कागदांखाली ‘रचना’ या शब्दापुढे माझे नाव आले.

कार्यालयात लोक मला शोधत येऊन म्हणत होते, “सर, काय सुंदर वृत्त सांभाळलंय!” आणि मी म्हणत होतो, “छे छे, कसचं कसचं!” वाचकहो, आपल्या भाषेत ‘कसचं कसचं’ याचा अर्थ ‘होय, मीच तो’ असा होतो. हे मला कळत नव्हते असे नाही. भाषा हाच माझा धंदा आहे. मावशी दोन खुर्च्या पलीकडे बसली होती. तिने एक कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

त्या सुट्टीतल्या दुपारनंतर, हे सारे वाचून झाल्यावर, एका संध्याकाळी मी तिला विचारलेच. “मावशी, तेव्हा तू बोलली का नाहीस?”

“अरे, लग्नघरात कुठं तंटा काढायचा? अक्षता पडल्या, पोरीचं लग्न लागलं. झालं की.” थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण नाव असतं ना, तर तो कागद मी चौकटीत घालून लावला असता. आता पोथीत आहे घडी घालून.”

यावर काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही.

तुळशीच्या लग्नानंतर आमच्या पुतण्याचे लग्न आहे. मंगलाष्टके अर्थात मावशीची. नाव कसे छापायचे, सासरचे लावून की माहेरचे, असे विचारले तर तिने चष्मा पुसत जरा विचार केला आणि “दोन्ही घाल. दोन्हीकडची वृत्तं आलीयत त्यात,” असे सांगितले. मी उत्साहाच्या भरात म्हणालो की, या लेखातही तुझे नाव घालतो. त्यावर मात्र ती खवळली. “तिथं नको हो! तो लेख तुझा आहे. जे माझं आहे, त्याच्याखाली माझं नाव घाल म्हणजे झालं.”

काल छापखान्यातून प्रूफ आले. मी ते दोनदा तपासले. तिसऱ्या मंगलाष्टकात एक वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. नाव बरोबर होते. मग प्रूफ मावशीपुढे ठेवले. तिने आधी दुसरा चष्मा लावून पहिला शोधला, पहिला लावून कागद वाचला, आणि आतल्या खोलीकडे वळून कन्येला हाक मारली: “अगं, ती मालगाडी वाजव जरा. त्या कॉटनबाईंची.”